रेंज आहे, पण मोबाईलची नाही

नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला आम्ही पहिलं अपार्टमेंट बघायला गेलो तेव्हा ऑफिसातली बाई किचन दाखवताना म्हणाली की इथली रेंज एकदम छान आहे, आणि माझ्या नवऱ्याने खिशातून फोन काढून बघितला. खोटं नाही सांगत. आपल्याला रेंज म्हणजे घाटात जाते आणि खंडाळ्याला परत येते ती. इकडे रेंज म्हणजे वर विजेच्या चार शेगड्या (तारेच्या वेटोळ्याच्या, म्हणजे कॉइलच्या, नाहीतर वर सपाट काच असलेल्या), खाली ओव्हन, त्याच्याखाली एक ड्रॉवर, असं तीस इंच रुंदीचं एकसंध धूड, भिंतीला टेकवून ठेवलेलं आणि मागे अंगठ्याएवढ्या जाड वायरने २४० व्होल्टला जोडलेलं. घरातल्या नेहमीच्या सॉकेटांत १२० व्होल्ट, हिला दुप्पट, आणि हिचा ब्रेकरही, म्हणजे वीज तोडणारा मेन स्विचही, वेगळा, ४० नाहीतर ५० अँपचा. तो कुठला आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा, का ते पुढे येईलच.

परवा मावसबहिणीचा फोन आला, ती पुढच्या महिन्यात शार्लटला येतेय, विचारत होती इलेक्ट्रिकवर स्वयंपाक जमतो का गं. जमतो. पण आपण स्वयंपाक शिकलोय तो ज्योत बघून. बारीक, मध्यम, मोठी, सगळं डोळ्यांना दिसतं, आणि बंद केलं की बंद. इथे नॉब मिडियमवर ठेवला तर कॉइल अर्धवट तापते असं मला वर्षभर वाटायचं. तसं काही नसतं. नॉबच्या मागे जो स्विच असतो तो कॉइलला पूर्ण चालू करतो, मग पूर्ण बंद, मग परत चालू. मिडियम म्हणजे जास्त वेळ बंद ठेवणार, हाय म्हणजे सतत चालू. म्हणून ती लाल होते, काळी पडते, परत लाल होते, बिघडलेली नसते बिचारी.

याचा अर्थ काय, तर फोडणी. तेल ठेवलं, मोहरी टाकली, तडतडेना, अजून थोडं वाढवलं, तडतडेना, आणि मग एकदम सगळं एका क्षणात, मोहरी काळी, हिंग जळलेला, स्मोक अलार्म कोकलतोय, मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतेय. बरं, नॉब बंद करून उपयोग नाही कारण कॉइल तशीच लालभडक. इथे नॉबकडे हात न्यायचाच नाही, भांडं उचलायचं. तेवढी एक सवय लावली की निम्मं शिकून झालं. दूध, भात, ओतू जाणारं काहीही असेल तर मी शेजारचा बर्नर आधीच लोवर ठेवते आणि उकळी आली की पातेलं तिकडे सरकवते, म्हणजे उचलून ठेवते, काचेवर सरकवायचं नाही, ते सांगतेच. कुकरची शिट्टी यायच्या जरा आधीच बारीक करायचं, आली की मग करू म्हणाल तर पुढच्या दोन फुकटच्या शिट्ट्या ठरलेल्या.

आणि बंद केलेला बर्नर. लाल रंग गेला तरी कॉइल बराच वेळ चटका देण्याइतकी गरम असते. काचेच्या टॉपला निदान छोटा लाल दिवा असतो, काच गार होईपर्यंत तो लागलेला राहतो, पण आपलं लक्ष तिकडे जाईल तर ना. मी एकदा दुधाची प्लॅस्टिकची बाटली त्यावर टेकवली. आवाजही नाही, उचलली तर बूड तिथेच आणि दूध सगळीकडे.

आमची पहिली रेंज कॉइलची होती, जुनी, नॉब मागच्या पाटीवर. म्हणजे मागचा बर्नर बारीक करायला पुढच्या पेटलेल्या बर्नरवरून हात न्यायचा! कोणी डोकं लावून केलंय देव जाणे. ओढणी, ढगळ बाह्यांचा गाऊन हे प्रकार मी तेव्हाच बंद केले. कॉइलखालच्या वाट्या तेलकट होतात म्हणून एका मैत्रिणीच्या सल्ल्याने मी त्यांना फॉइल लावली होती, दिसायला मस्त, पण फॉइल कॉइलच्या टोकांना लागली तर शॉर्ट होऊ शकतं. त्या वाट्या काढून साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, निघतात. कॉइल मात्र पाण्यात बुडवायची नाही. ओव्हनच्या तळालाही फॉइल नको, वितळून चिकटते ती कायमची.

मग ती रेंज गेली आणि अपार्टमेंटवाल्यांनी नवी आणली, तीही कॉइलचीच, आणि माझ्या कढईत तेल तापेचना. लाल व्हायची आणि विझायची, वडे तेल पिऊन बसलेले. मेंटेनन्सवाला दोनदा येऊन म्हणाला रेंज चांगली आहे. मग कळलं की २०१८ पासून अमेरिकेत नव्या कॉइल रेंजना तापमान रोखणारी सोय सक्तीची झालीये, आमच्या कॉइलच्या मधोमध जे गोल बटण होतं तो सेन्सर, भांड्याचं बूड त्याला टेकलेलं पाहिजे. आपली कढई गोल बुडाची, ती नीट टेकतच नाही, कॉइलची उष्णता सरळ बटणाला लागते आणि त्याला वाटतं फार तापलं. हे का केलं तेही बरोबरच आहे म्हणा, इकडे घरात लागणाऱ्या आगींचं पहिल्या नंबरचं कारण स्वयंपाक, आणि त्यातही तेल तापत ठेवून दुसरीकडे जाणं. तर सपाट बुडाची कढई आणली, प्रश्न मिटला. सांगलीहून जपून आणलेली लोखंडी कढई आता मागे अंगणात, गॅसच्या शेगडीवर, फक्त दिवाळीला.

तेलाचा विषय निघालाच आहे तर, कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी नाही म्हणजे नाही. झाकण सरकवून ठेवा, बर्नर बंद करा, हात पोचत नसेल तर ब्रेकर पाडा, कढई उचलून सिंककडे पळू नका, गार होईपर्यंत झाकण काढून डोकावू नका. झाकणाने नाही आवरलं तर बाहेर पडा आणि ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा. मी तळताना मापाचं झाकण शेजारी काढूनच ठेवते.

आता काच. स्वतःचं घर घेतलं तेव्हा काचेच्या टॉपची रेंज आली आणि मी हुरळून गेले, काय ते काळंभोर चकचकीत, पुसलं की झालं. पहिल्या संक्रांतीला आई आलेली होती सहा महिन्यांसाठी. तिळाच्या वड्यांचा पाक केला, चिक्कीच्या गुळाचा, आणि पातेलं उतरवताना रुपयाएवढा पाक काचेवर सांडला. नवरा म्हणाला गार होऊ दे, मग पुसतो, काच गरम असताना हात लावायचा नसतो. आई म्हणाली, "अहो, गूळ गार झाला की दगड होतो, आत्ताच काढा ते." जावयापुढे ती जास्त बोलत नाही, त्यामुळे गप्प बसली. अर्ध्या तासाने आम्ही खरवडायला गेलो, गूळ निघाला खरा, पण त्याच्याबरोबर काचेचा एक पातळ टवका निघून आला, माशाच्या खवल्यासारखा. तिथे आजही खळगा आहे, बोट फिरवलं की लागतो.

नंतर माहितीपुस्तक उघडलं तर आई म्हणाली तेच ठळक अक्षरांत. साखर, गूळ, जॅम, वितळलेलं प्लॅस्टिक हे गरम काचेला चिकटतं आणि गार होताना आकसतं ते काचेला ओढूनच. बाकी सगळे डाग गार झाल्यावर काढायचे, हे मात्र गरम असतानाच. बर्नर बंद, हातात जाड ओव्हनचा मोजा, आणि ब्लेडचा स्क्रेपर तिरका धरून पाक गरम भागावरून गार भागाकडे ढकलत न्यायचा. तो स्क्रेपर हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतो, पाक करायच्या आधी हाताशी ठेवा. घाईत चटका बसू शकतो, तर मुलांना बाहेर पाठवा. रोजच्या डागांना काचेच्या टॉपची पांढरी क्रीम मिळते ती आणि मऊ फडकं, तारेची घासणी लावायची नाही. खिडक्यांची काच पुसायचा निळा स्प्रे गरम टॉपवर मारू नका.

आणि भांडी सरकवायची नाहीत म्हणाले ते याच्यासाठी. बिडाचा तवा खालून खरखरीत असतो, एकदा ओढला की रेघ आली. ॲल्युमिनियमच्या पातेल्याचे करडे डाग पडतात, ते क्रीमने निघतात तरी. पोळीचा आपला खोलगट तवा काचेवर डुगडुगतो आणि मधेच तेवढा तापतो, सपाट तवा घ्या. फुलका मी फडक्याने तव्यावरच दाबून फुगवते, जाळी ठेवून बघितली, वातड झाला. मसाल्याचा डबा रेंजच्या वरच्या कपाटात ठेवू नका, स्टीलचा भरलेला डबा निसटून काचेवर पडला तर संपलं. काचेला तडा गेला असेल तर तो बर्नर सोडून बाकीचे तीन वापरू असंही करू नका, तड्यातून पाणी आत विजेपर्यंत जाऊ शकतं. पूर्ण बंद करून ठेवा आणि माणूस बोलवा.

ओव्हन. आपल्या लोकांच्या ओव्हनमध्ये काय असतं? कढया. प्रत्येक मराठी घरात बघा, दार उघडलं की कढया, तवे, इडलीपात्र, एखादा पिझ्झा स्टोन कोणीतरी दिलेला. माझ्याही असायच्या. आईने नानकटाईसाठी ओव्हन ३५० ला लावला, फॅरनहाइट बरं का, आपले साधारण १७५ सेल्सियस, आणि आत पोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा मीच ठेवलेला. वास आला तेव्हा डबा रॅकच्या दोन गजांमधून शेवयांसारखा खाली लोंबत होता. तिची काय चूक, आपल्याकडे ओव्हन लावायच्या आधी आत बघायचं कोण शिकवतं. आता आमच्याकडे कढया ड्रॉवरमध्ये. तोही नुसता ड्रॉवर आहे की अन्न गरम ठेवायचा ते बघून घ्या, काही रेंजमध्ये खाली हीटर असतो.

ब्रेकरचं म्हणाले होते ना. अपार्टमेंटमध्ये असताना एकदा ओव्हनच्या तळाच्या कॉइलवर, म्हणजे बेक एलिमेंटवर, पांढराशुभ्र ठिपका पेटला, वेल्डिंगसारखा, आणि फुलबाजीसारखा तडतडत तो पुढे पुढे सरकायला लागला. मी नॉब बंद केला. तो सरकतोय. दार बंद ठेवलं आणि पळत जाऊन ब्रेकर पाडला तेव्हा विझला. नंतर आलेल्या माणसाने सांगितलं की २४० व्होल्ट म्हणजे दोन जिवंत तारा, काही ओव्हनमध्ये बंद केल्यावर एकच तुटते, एलिमेंट फुटून ओव्हनच्या पत्र्याला लागला तर दुसरीतून चालूच राहतं. एलिमेंटवर फोड किंवा बारीक भेग दिसली तर ते जायच्या बेतात आहे असं समजा.

आणि एक गोष्ट जी मला आठ-नऊ महिने कोणी सांगितली नव्हती. रेंजच्या मागच्या पायाला एक लोखंडी कंस असतो, अँटी-टिप म्हणतात, जमिनीला किंवा भिंतीला स्क्रूने बसवलेला. ओव्हनचं दार उघडून त्यावर जड काही टेकवलं किंवा लहान मूल चढलं तर अख्खी रेंज पुढे कलंडू नये म्हणून. १९९१ पासूनच्या रेंजबरोबर तो येतो. आमच्या अपार्टमेंटमध्ये बसवलेलाच नव्हता. सगळं गार असताना वरची मागची कड धरून हळूच पुढे कलवून बघा, जराशी हलून लगेच अडली पाहिजे. आमची आरामखुर्चीसारखी डोलली. तीन ईमेल गेल्यावर माणूस आला, दोन स्क्रू, पाच मिनिटं.

सेल्फ क्लीन बटण, म्हणजे आतली घाण जाळून ओव्हन स्वतःच साफ होतो ते, मी वापरत नाही. ते ओव्हनला जवळजवळ ९०० फॅरनहाइटपर्यंत नेतं, तीन-चार तास, दार लॉक, घरभर वास, पक्षी पाळलेले असतील तर त्यांच्या जिवाला धोका. एवढ्या उष्णतेने आतला फ्यूज जातो अशा गोष्टी ओळखीत भरपूर, आणि तो नेमका दिवाळीच्या आदल्या दिवशी जातो. मी बेकिंग सोड्याचा लगदा रात्रभर लावून सकाळी पुसते. दाराच्या कडेची जाळीदार गादी घासायची नाही, तेवढं सांभाळा.

आईने बंद बर्नरचा प्रश्न तिच्या पद्धतीने सोडवला. बर्नर बंद केला की तिथलं भांडं काढून लगेच एक पाण्याने अर्धं भरलेलं पातेलं ठेवायचं, म्हणजे पातेलं आहे तिथे हात लावायचा नाही, घरात सगळ्यांना माहीत. नातीलाही कळायचं, ती तीन वर्षांची होती. सहा महिन्यांत आईच्या ते इतकं अंगवळणी पडलं की सांगलीला गेल्यावरही गॅस बंद केला की पातेलं ठेवते, आणि बाबा दर वेळी आतून विचारतात, चहा टाकलायस का?