तुम्ही विचारलंत म्हणून: पगार वाढला की शिक्षक नीट वागतात का?

निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात हा प्रश्न हमखास येतो. पुढं जोडलेलं असतंच, ‘सर, पूर्ण पगारवाले तरी कुठं मन लावून शिकवतात?’

असे शिक्षक मी पाहिलेत, संतापलोही आहे. पगारानं शिकवण्याची ओढ लागत नाही, हे खरंच. पण नोकरीची शाश्वती असली की शिक्षक नको त्या कामाला ‘नाही’ म्हणू शकतो. संस्थाचालकाच्या पुतण्याचे मार्क वाढवा असा निरोप आला, तर कायम झालेल्या बाई नकार देऊ शकतात. त्यांना काढलं, तर 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यानं शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. दर एप्रिलला थांबवून जूनमध्ये नेमणुकीच्या नव्या आदेशावर घेतलेल्या बाईंनाही कायदा तोच. पण जूनचा आदेश त्याच चालकाच्या हातात असताना त्या मार्क वाढवतात. दोष मी त्यांना देणार नाही.

शिकवण्यांचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नं शिक्षकाला खाजगी शिकवणीची बंदी आहे. माझे एक स्नेही विनाअनुदानित शाळेत गणित शिकवायचे, पगार कधी दोन-दोन महिने होत नसे. घर शिकवणीवर चालायचं, आणि शिकवणीला यायची त्यांच्याच वर्गातली मुलं. हळूहळू अवघड उदाहरणं वर्गात अर्धवट सुटू लागली, संध्याकाळी पूर्ण होऊ लागली. ज्यांच्या घरी फी द्यायला पैसे नव्हते, त्यांचं गणित तिथंच राहिलं. हा माणूस वाईट नव्हता. पुढं शाळेला टप्पा अनुदान, म्हणजे पगारासाठी टप्प्याटप्प्यानं वाढणारं सरकारी अनुदान मिळालं, पगार बँकेत येऊ लागला, तेव्हा त्यांनी शिकवणी स्वतःहून बंद केली.

शिक्षण सेवकांचं, म्हणजे नव्यानं नेमलेल्या शिक्षकांचं तर फार वाईट वाटायचं. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन, तेही 2023 च्या वाढीपर्यंत प्राथमिकला महिना 6,000 रुपये. मग ते 16,000 झालं. सहा हजारांत परक्या तालुक्यात खोली, खाणावळ, घरी पैसे. ज्या वयात शिक्षकाला सवयी लागतात, त्याच वयात आपण त्याला उसनवारीवर ठेवलं.

म्हणून मुलाला शाळेत घालताना इमारत, बस बघा, हरकत नाही. पण वर्गशिक्षकांचा आदेश किती महिन्यांचा आहे, पगार बँकेत पूर्ण जमा होतो का आणि मे महिन्याचा मिळतो का, हेही मुख्याध्यापकांना जरूर विचारा.