तारा की ट्रे, आणि ती पडलेली टिकली

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गणपतीच्या आरतीनंतर, लग्नाच्या पंगतीत, इथे इंदुरात राजवाड्यापाशी भाजी घेताना, मला, दातांच्या डॉक्टरला, सगळीकडे एकच प्रश्न असतो: "मॅडम, पोरीला दात सरळ करायला तारांऐवजी ते पारदर्शक ट्रे (अलाइनर) लावले तर चालतील ना? आणि घरबसल्याही मागवता येतात म्हणे." मी "तपासून सांगते" म्हणते, आणि समोरच्या काकूंच्या चेहऱ्यावर साफ दिसतं, की ही गिऱ्हाईक ओढतेय. एकदाचं सगळं सांगून टाकते.

चालतात. दातांची थोडी गर्दी, फटी, पुढचे दात जरासे वळलेले, एवढंच असेल तर चांगलेच चालतात. उपदाढा काढून पुढे आलेले दात मागे न्यायचे असतील, किंवा सुळा हिरडीत वरच अडकलेला असेल, तर मी अजून तारांकडे झुकते. माझे काही सहकारी अशा केसेसही ट्रेवर करतात आणि नीट करतात. त्यांच्याशी माझा वाद मिटलेला नाही.

घरबसल्या मागवण्याचं म्हणाल तर नको. असे ट्रे घरपोच पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या स्माइल डायरेक्ट क्लब कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, डिसेंबरात दुकान बंद केलं, आणि अर्ध्या ट्रेवर असलेली माणसं तशीच राहिली. पण कंपनी बुडणं ही दुय्यम गोष्ट. खरी अडचण अशी की घरी घेतलेल्या मापात दाताचा फक्त वरचा भाग येतो. मुळं, हाड, हिरडीचा आजार, आत दडलेला दात हे ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेशिवाय दिसत नाही, आणि जबड्यांचं एकमेकांशी नातं बघायला डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, सेफ, लागतो. हिरडी सुजलेली असताना दात हलवायला घेतले तर दाताभोवतीचं हाड झिजतं. म्हणून डॉक्टरला किंमत विचारायच्या आधी एवढं विचारा: आराखडा कोण तपासणार, एमडीएस ऑर्थो (दात सरळ करण्याचा तज्ज्ञ) की फक्त कंपनीचा टेक्निशियन? जागा करायला कोणत्या दातांमधून किती घासणार? (साधारण 0.1 ते 0.5 मिलिमीटर, प्रत्येक फटीत. ऐकून घाबरू नका, पण आकडा आधी कळायला हवा.) मधे नवे ट्रे लागले तर ते याच पैशांत का? आणि शेवटचे रिटेनर, सरळ झालेले दात जागेवर धरणारे, धरलेत का? चारांपैकी दोन प्रश्नांवर समोरचा अडखळला, तर उठा.

स्क्रीनवर ते दात सरकताना दाखवतात ना, त्यावर विश्वास बेताचाच ठेवा. ती प्लास्टिकची योजना असते, दाताने दिलेला शब्द नसतो. 2009 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ठरवलेल्या हालचालींपैकी सरासरी 41 टक्के प्रत्यक्षात उतरल्या होत्या. त्यातल्याच एका संशोधकासह 2020 मध्ये पुन्हा मोजलं तर 50 टक्के. 2009 च्या अभ्यासात सगळ्यात वाईट आकडा दात खाली ओढण्याचा होता, तिशीच्या आसपास. ट्रे दाताला ढकलू शकतो. ओढायला त्याला पकड लागते, म्हणून दातावर त्याच रंगाचं कॉम्पोझिटचं (दात भरायच्या मसाल्याचं) छोटं बटण चिकटवतात, आणि ते बसायला ट्रेमध्ये खळगा असतो. आमच्याकडे पेशंट त्याला टिकली म्हणतात.

आता तासांचं. ट्रे एकामागून एक बदलायचे असतात. एका ट्रेवर दात जेमतेम 0.25 मिलिमीटर सरकायचा असतो, आणि त्यासाठी ट्रे दिवसाचे 22 तास तोंडात हवा. म्हणजे खाण्यापिण्याला उरले 2 तास. हे गणित मांडणारा माणूस इंदुरात राहिलेला नसावा. सकाळी पोहे-जलेबी, अकराचा चहा, जेवण, पाचची कचोरी, रात्रीचं जेवण, आणि पाहुणे आले की साडेदहाला सराफा, आमचा रात्रीचा खाऊबाजार. सहा वेळा काढा, खा, चूळ भरा, ब्रश करा, घाला: प्रत्येकी 25 मिनिटं धरली तरी अडीच तास गेले. सराफ्यात तर गराडू आणि भुट्टे का कीस यांच्यामध्ये कोणी ट्रे परत घालत नाही, तिथेच दीड तास. मी आता सांगते, 20 च्या खाली जाऊ नका, चहा जेवणाला जोडून घ्या, आणि ट्रे असताना फक्त साधं, गार पाणी. "चहा स्ट्रॉने प्यायला तर?" नाही. गरम चहाने ट्रेचा आकार बिघडतो, आणि साखर ट्रेखाली अडकली की लाळ ती धुऊ शकत नाही. हिरडीलगत पांढरे डाग पडतात, ते ट्रे संपल्यावरही तिथेच असतात.

पण तासांवरूनच मी एकदा चुकले, आणि हे लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठी.

तिशीतला माणूस, औषधकंपनीत फिरतीची नोकरी, एकूण 26 ट्रे, दर दहा दिवसांनी बदल. वरचा, सुळ्याशेजारचा पटाशीचा दात जरा वर राहिला होता, तो खाली आणायचा होता. तेराव्या ट्रेला त्याने फोटो पाठवला: त्या दाताची कड आणि ट्रेचा तळ यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट. मी लिहिलं, च्यूई चावा. च्यूई म्हणजे रबरी फोमची वळकटी, ट्रे घातल्यावर पाच-दहा मिनिटं दातांखाली धरून चावायची. चौदाव्याला फट वाढली. मी विचारलं, तास किती होतात? म्हणाला, एकवीस. मला खरं वाटलं नाही. फिरतीचा माणूस, ढाब्यावर जेवणारा, रोज एकवीस? पंधराव्याला मी चांगलीच सुनावली. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, सराफा तर कधीचाच बंद केलाय हो." आणि मी त्याला सोळावा ट्रे घालू दिला.

सोळाव्याला तो क्लिनिकमध्ये आला. दात हवेने सुकवला. सुकल्यावर कॉम्पोझिट जरा मंद दिसतं आणि इनॅमल चकाकतं. तो दात सगळा चकाकत होता. टिकली नव्हतीच. जिथे ती बसायची, तिथल्या ट्रेच्या खळग्यात लाळेचा बुडबुडा होता. मग त्याने पिशवीतून जुने ट्रे काढले, सगळे, पाकिटावर नंबर टाकून ठेवलेले. एकेक उजेडात धरला. टिकली असली की खळगा भरलेला राहतो, नसली की त्यात पुटं साठतात. अकराव्याचा खळगा स्वच्छ, बाराव्याच्या खळग्यात पांढरट पुटं, तेराव्यात पुटं, पुढे सगळ्यांत. म्हणजे टिकली बाराव्यालाच पडली होती, आणि मी महिनाभर ट्रेमागून ट्रे देत, वर त्यालाच खोटारडा ठरवत होते. अकरावा परत घालून पाहिला, तोही आता पुरता बसेना. शेजारचे दात पुढे सरकले होते आणि तो एकटा मागे. नवीन स्कॅन, दहा जास्तीचे ट्रे, ते येईपर्यंतचा खोळंबा.

टिकली पडली का? चिकटवताना दात पुरता कोरडा नसला की पडते, ती माझी चूक. ट्रे पुढून नखाने उपसला तरी निखळते, ती त्याची. कोणाची, ते ठरलं नाही. मी माफी मागितली, पण "टिकली पडली की कळवायचं असतं" हे शेपूट लावूनच. त्याला कळणार कसं होतं? तारांमध्ये ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) सुटला की तो तारेवर लोंबकळतो, गालाला टोचतो, पेशंट संध्याकाळपर्यंत दारात हजर. इथे दाताच्या रंगाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा पोह्यांबरोबर गिळला जातो. त्याआधीची मी ठामपणे सांगायची, की ट्रे बसत नाही म्हणजे पेशंट घालत नाही. बऱ्याचदा ते खरंही असतं, आजही. म्हणून तर त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

तेव्हा तुमच्या हातात जेवढं आहे तेवढं करा. ट्रे काढताना दोन्ही बाजूंच्या शेवटच्या दाढेपासून, आतल्या अंगाने, बोटाच्या टोकाने सोडवा आणि मग पुढे या. घालताना आधी पुढचे दात, मग दाढांवर बोटांनी दाब. चावून बसवू नका, चिरतो. नवा ट्रे रात्री झोपताना सुरू करा, पहिले काही तास दुखतं ते झोपेत जातं. धुवायला गार पाणी, मऊ ब्रश, बिनरंगी साबणाचा थेंब. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि त्यात वास धरतो. कड जिभेला टोचली तर नखांची कानस हलक्या हाताने फिरवा. कागदी रुमालात गुंडाळू नका. ट्रे हरवण्याची ती सगळ्यात खात्रीची पद्धत आहे. डबी खिशात हवी. हरवलाच तर मनाने पुढचा घालू नका, तोवर आधीचा घाला आणि विचारा. म्हणूनच जुने ट्रे नंबर टाकून ठेवा. आणि रोज रात्री ब्रश करताना आरशात टिकल्या मोजा. तुमच्या आराखड्यात किती आहेत ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ट्रे घातल्यावर खळग्यात बुडबुडा दिसला तर त्याच दिवशी फोन.

"मग तारा की ट्रे?" हे तुम्ही पुन्हा विचारणारच. त्या माणसाला मी आज काय सुचवलं असतं, हे मी स्वतःलाही विचारून पाहिलं आहे. कधी वाटतं तारा, कधी वाटतं नाही. परवा त्याच्या नव्या गठ्ठ्यातल्या सहाव्या ट्रेचा फोटो आला. फट केसाएवढी. मी फोटो मोठा करून आधी खळगा पाहिला, मग दुसऱ्यांदा पाहिला, आणि त्यानंतरच तास विचारले. त्याने लिहिलं, एकवीस.