माझे 7, डॉक्टरांचे 10

मला जन्मतः हायपोस्पेडियास होता. म्हणजे लघवीचं छिद्र शिश्नाच्या टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. 200 ते 300 मुलग्यांमागे एकाला हे असतं, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तोवर वाटायचं, असा मी एकटाच.

चौथ्या वर्षी ऑपरेशन झालं. टाक्यांजवळ फिस्टुला झाला, बारीक भोक पडून तिथूनही लघवी गळायची. ते वर्षभराने बंद केलं. मी नळी ओढू नये म्हणून आई रात्रभर माझे हात धरून बसायची, एवढंच आठवतं. पुढे घरात हा विषय कुणी काढलाच नाही. शाळेच्या मुतारीत मी कधी उभा राहिलो नाही. दाराचा संडास रिकामा व्हायची वाट बघण्यात मधली सुट्टी संपायची.

लग्न ठरल्यावर धीर करून यूरोलॉजिस्टकडे गेलो. धारेचा वेग मोजला, तो नॉर्मल निघाला. मग त्यांनी एक प्रश्नावली दिली. छिद्र, टोक, त्वचा आणि एकूण रूप, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. रुग्णाने वेगळे द्यायचे, डॉक्टरांनी वेगळे. मी 12 पैकी 7 दिले, त्यांनी 10.

छिद्र टोकापासून किंचित खाली आहे आणि टाक्यांपाशी कातडी जरा गोळा झाली आहे. ते त्यांनाही दिसत होतं. पण 'एकूण रूप' याला मी 1 दिला होता. "तुलना कुणाशी करताय?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. दुसऱ्या कुणाचं मी पाहिलंच नव्हतं! जर्मनीत 500 पुरुष तपासले होते, 1995 साली ते प्रसिद्ध झालं. त्यात निम्म्याहून थोड्याच जास्त जणांचं छिद्र अगदी टोकाला होतं, असं ते म्हणाले. मला खोलीतच रडू आलं.

जादा कातडी काढता येईल, पण घाई नको, असं ठरलं. होणाऱ्या बायकोला सगळं सांगितलं. आईलाही फोन केला. "तू विसरावंस म्हणून बोललो नाही रे," ती म्हणाली. माझी फाइल तिने अजून कपाटात जपून ठेवली आहे.

तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरला. बाकीचे आकडे तेच ठेवले, शेवटच्या रकान्यात 2 लिहिला.