न्यूट्रल गेला त्या सकाळी

पुण्यात धनकवडीच्या बाजूला माझे घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स करून मी या धंद्यात पडलो, त्याला आता 22 वर्षे झाली. एवढ्या वर्षांत जळालेल्या वस्तू हजारोंनी पाहिल्या, परंतु एकाच इमारतीतल्या इतक्या घरांना एकाच सकाळी झळ पोहोचलेली मी फक्त एकदा पाहिली.

जुलै महिना होता. रात्रभर पावसाने झोडपले होते आणि पहाटे वीज दोनदा जाऊन आली होती. सात वाजून गेल्यावर एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. तीन मजल्यांच्या, बारा सदनिकांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ते राहतात. "टीव्हीच्या मागून फट्ट असा आवाज आला आणि जळका वास सुटलाय," ते म्हणाले. मी त्यांना प्लग काढून ठेवायला सांगितले आणि दहापर्यंत येतो असे कळवून चहा प्यायला बसलो. एक टीव्ही बंद पडणे ही माझ्या दृष्टीने रोजचीच गोष्ट होती.

वीस मिनिटांनी त्याच इमारतीच्या तळमजल्यावरून काकूंचा फोन आला. "भाऊ, फ्रिज नुसता घूं घूं करतोय, मग टक् होतं आणि गप्प बसतो. थोड्या वेळाने परत तेच. आणि अर्धा तास झाला तरी गीझरचं पाणी कोमटच आहे." फ्रिज आणि गीझर यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, दोन्ही एकाच वेळी बिघडावेत याला कारण असते ते त्यांच्या बाहेर. मी काकूंना हॉलमधला पंखा लावून बघायला सांगितले. "फिरतोय, पण मरगळल्यासारखा," त्या म्हणाल्या. लगेच मी दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना फोन लावून पंख्याची विचारणा केली, तेव्हा ते म्हणाले, "अहो, आज भलताच सुसाट फिरतोय, रेग्युलेटर एकवर ठेवला तरी."

एका घरात पंखा मरगळलेला आणि त्याच इमारतीत दुसऱ्या घरात सुसाट, एवढे ऐकल्यावर माझ्या हातातला कप खाली राहिला. इमारतीचा न्यूट्रल गेला होता. दोघांनाही मी एकच सांगितले: घरातला मेन स्विच आत्ताच्या आत्ता बंद करा, आणि शेजारच्या प्रत्येक दारावर थाप मारून त्यांनाही तेच करायला लावा. पण पहिल्या फोननंतरच्या त्या वीस मिनिटांत आणखी एका घरातला टीव्ही आणि राउटर जळून गेले होते, आणि ते नुकसान मला टाळता आले असते. पहिल्याच फोनवर मी एवढेच विचारायला हवे होते की, हीच एक वस्तू बंद पडली आहे, की घरात आणखी काही वेगळे वागते आहे? तेव्हापासून कुणाचाही फोन आला तरी माझा पहिला प्रश्न हाच असतो.

न्यूट्रल जाणे म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वीज गेली की सगळे बंद पडते अशीच आपली समजूत असते. इमारतीला वीज आणणारे तीन फेज आणि ती परत नेणारा एक न्यूट्रल अशा चार तारांनी वीज येते. कोणताही फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये साधारण 230 व्होल्ट असतात, तर दोन फेजच्या मध्ये 400 ते 415 व्होल्ट असतात. या इमारतीत चार-चार घरे एकेका फेजवर वाटलेली होती आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच होता. हा सामाईक न्यूट्रल तुटला तरी वीज जात नाही. एका फेजवरच्या घरांतून निघालेला प्रवाह न्यूट्रलने परत जाण्याऐवजी दुसऱ्या फेजवरच्या घरांतून वाट काढतो, आणि वेगवेगळ्या फेजवरची घरे दोन फेजच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात. मग ज्या फेजवर गीझर, इस्त्री असा मोठा भार असतो तिथला विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, घसरतो, आणि जिथे नुसता टीव्ही आणि दोन दिवे चालू असतात तिथला दाब तीनशेच्या वर चढतो. म्हणजे ज्या फेजवर विजेचा वापर कमी, त्याच फेजवरच्या घरांतल्या वस्तू आधी जळतात. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना हे शेवटपर्यंत पटत नव्हते, कारण त्यांच्या घरी सकाळपासून टीव्ही आणि पंख्याखेरीज काहीच लावलेले नव्हते.

पूर्वी हे लोकांच्या लगेच ध्यानात यायचे. घरात तारेचे पिवळे बल्ब असत आणि दाब वाढला की ते डोळे दिपतील इतके प्रखर होत, दाब घसरला की लालसर होत. आताचे बहुतेक एलईडी दिवे आत दाब सांभाळणारे ड्रायव्हर सर्किट असल्यामुळे बराच चढउतार गिळून टाकतात आणि जळेपर्यंत तसाच उजेड देत राहतात. त्यामुळे साध्या छताच्या पंख्याखेरीज घरात दुसरा साक्षीदार उरलेला नाही. पंखा कारण नसताना जोरात फिरू लागला तर त्या क्षणी मेन स्विच बंद करावा, आणि तपास त्यानंतर करावा, इतके मी प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो. इन्व्हर्टर असेल तर वीज असूनही तो बॅटरीवर जातो, ही दुसरी खूण आहे. त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात नेमके हेच झाले होते आणि इन्व्हर्टरवरच्या वस्तू त्यामुळे बचावल्या होत्या.

मी पोहोचलो तेव्हा निम्म्या घरांनी मेन बंद केले होते. उरलेल्यांपैकी दोन घरांना कुलूप होते आणि एका घरात गीझर अजून सुरूच होता. मीटर रूममध्ये सोसायटीचे सेक्रेटरी टेस्टर घेऊन उभे होते आणि गोंधळून गेले होते. "दोन्ही तारांवर टेस्टर पेटतोय, मग फेज कुठला नि न्यूट्रल कुठला?" त्यांचे निरीक्षण बरोबर होते. न्यूट्रल तुटला की घरांच्या बाजूची न्यूट्रलची तार उपकरणांमधून आलेल्या विजेने जिवंत होते आणि टेस्टर तिच्यावरही पेटतो. मी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला. जमिनीशी जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीपासून मोजल्यावर तिन्ही फेज 235 दाखवत होते, म्हणजे बाहेरून येणारी वीज निर्दोष होती. न्यूट्रलपासून मोजल्यावर मात्र एका फेजवर 107, दुसऱ्यावर 308 आणि तिसऱ्यावर 333 आकडे आले. आणि न्यूट्रल ते अर्थ, जिथे एक-दोन व्होल्ट यायला हवेत, तिथे 131 होते. सकाळी सगळे गीझर चालू असताना हे आकडे याहूनही वाईट असणार.

मीटर रूममधल्या मुख्य जोडणीला हात लावण्याचा परवाना माझ्याकडे नाही, आणि असता तरी जिवंत लाइनवर मी हात घातला नसता. सेक्रेटरींनी वीज कंपनीच्या 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि सोसायटीच्या परवानाधारक वायरमनला बोलावले. तोवर उरलेली घरे बंद करायला आम्ही जिने चढू लागलो. पहिल्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात. त्यांनी मेन बंद केला नव्हता, कारण त्यांच्याकडे काही बिघडलेच नव्हते. मला पाहताच आजी म्हणाल्या, "बरं झालं आलास बाळा, मशीनला हात लावला की मुंग्या येताहेत. म्हणून बटण बंद करून ठेवलंय."

बटण बंद असूनही मुंग्या येत होत्या. मी आजींना मशीनपासून लांब उभे केले, घराचा मेन बंद केला, वॉशिंग मशीनचा प्लग उपसला आणि सॉकेट उघडले. आत बोटभर लांबीची एक लाल वायर न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थिंगच्या टर्मिनलवर टाकलेली होती. पूर्वी कधीतरी सॉकेट बसवताना तिथपर्यंत अर्थिंगची तार आलेली नाही असे दिसले असेल, आणि तार ओढण्याचे कष्ट वाचवण्यासाठी कुणीतरी हा जोड मारून दिला असेल. न्यूट्रल ठीक असेपर्यंत असा जोड वर्षानुवर्षे कुणाला कळत नाही. न्यूट्रल तुटला की त्याच्यावरचे 131 व्होल्ट त्या लाल वायरमधून थेट मशीनच्या पत्र्यावर येतात, आणि सॉकेटचे बटण फक्त फेज तोडत असल्याने ते बंद करून काहीच साधत नाही. मोरीची फरशी ओली होती. आजींच्या पायात रबरी चपला होत्या, एवढ्यावर त्या वाचल्या. मी वायर काढून आजोबांच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ चष्म्याजवळ धरून पाहिली आणि मग ते खुर्चीत बसले.

अकराच्या सुमारास लाइनमन आले. त्यांनी बाहेरच्या पिलरमधले फ्यूज काढून पुरवठा तोडला, तेव्हा वायरमनने सोसायटीच्या मुख्य स्विचची पेटी उघडली. न्यूट्रल लिंकवर, म्हणजे न्यूट्रलच्या तारा जोडतात त्या पट्टीवर, आलेली ॲल्युमिनियमची केबल लगसकट, म्हणजे स्क्रूखाली बसणाऱ्या धातूच्या टोकासकट, जळाली होती; काळे इन्सुलेशन वितळून राखाडी पडले होते आणि तारांवर पांढरी भुकटी साचली होती. बोटाने हलवताच लग सुटून हातात आला. ॲल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते, रोज तापते आणि निवते, आणि त्यामुळे सैल पडलेल्या जोडावर ओल लागली की तिथे आणखी उष्णता तयार होते. ही पेटी शेवटची कधी उघडली होती हे सोसायटीत कुणालाच आठवत नव्हते. माझ्या मते वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, मीटर रूममधले सगळे जोड वायरमनकडून आवळून घ्यायला हवेत, आणि हा खर्च सोसायटीच्या अंदाजपत्रकात रंगकामाच्याही आधी यायला हवा.

जळका भाग कापून, नवा लग दाबून घट्ट बसवून, लिंकच बदलून दुपारी दोनला पुरवठा सुरू झाला. तरीही मी कुणाला एकदम सगळे लावू दिले नाही. प्रत्येक घरात आधी सगळी उपकरणे बंद, मग मेन चालू, मग मल्टिमीटरवर 230 च्या आसपास आकडा, मग एक पंखा, आणि तो नेहमीसारखा फिरतो असे पाहून बाकीचे. फ्रिजला मात्र बंद केल्यापासून निदान पाच मिनिटे विश्रांती द्यावी लागते, नाहीतर आतला गॅसचा दाब न उतरल्याने कंप्रेसर पुन्हा अडतो. तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रिज सुरू झाला. दाब कमी पडून तो अडत होता आणि ओव्हरलोड, म्हणजे कंप्रेसरला वाचवणारा छोटा स्विच, त्याची वीज दर वेळी तोडत होता. तो टक् आवाज ओव्हरलोडचाच होता आणि त्यानेच कंप्रेसर वाचवला.

दुकानात एकूण पाच टीव्ही, तीन राउटरचे ॲडॉप्टर आणि एक सेट-टॉप बॉक्स आला. ॲडॉप्टर उघडले तर वीज साठवणाऱ्या मुख्य कपॅसिटरचे डोके फुगून वरची फुलीच्या आकाराची खाच फाटलेली होती. त्याच्यावर 400 व्होल्ट छापलेले असते. घरात 230 असताना त्याच्यावर विजेच्या लाटेच्या शिखराएवढे, सव्वातीनशेच्या आसपास येतात आणि तो वर्षानुवर्षे चालतो; 333 आले की त्याच्यावर 470 पडतात. दोन टीव्हींमध्ये मात्र आत येतानाचा निळ्या चकतीसारखा व्हॅरिस्टर, म्हणजे जादा दाब स्वतःवर घेणारा भाग, फुटून दोन तुकडे झाला होता आणि त्याच्यामागचा फ्यूज काळा पडला होता. व्हॅरिस्टर आणि फ्यूज बदलल्यावर ते दोन्ही सुरू झाले. उरलेल्या तिघांचे पॉवर बोर्ड बदलावे लागले. म्हणून जळका वास आला तरी वस्तू भंगारात देण्याआधी उघडून पाहावी.

"आमच्याकडे एमसीबी आहे, स्पाइक गार्ड आहे, तरी हे झालं कसं?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात आला. एमसीबी जास्त प्रवाहाला तोडतो, दाब किती आहे ते तो बघत नाही. आरसीसीबी जमिनीकडे प्रवाह गळू लागला, बहुधा 30 मिलिॲम्पिअर, की वीज तोडतो आणि माणसाचा जीव वाचवतो. तो प्रत्येक घरात असायलाच हवा, पण वाढलेल्या दाबाशी त्याचाही संबंध नाही. स्पाइक गार्ड क्षणभराच्या झटक्यासाठी आहे; दाब तासभर चढलेला राहिला तर त्यातला व्हॅरिस्टर जळतो आणि बऱ्याच गार्डमधून वीज पुढे तशीच जात राहते. या दुखण्यावर उपाय आहे तो मेनजवळ बसणाऱ्या ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टरचा. दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो घराचा पुरवठा तोडतो आणि दाब काही वेळ स्थिर राहिल्यावरच पुन्हा जोडतो. त्या इमारतीत पुढच्या महिनाभरात नऊ घरांनी तो बसवून घेतला.

आजींना मी निघताना निक्षून सांगितले होते की अर्थिंगची तार येईपर्यंत मशीन लावायचे नाही. त्यांनी आठवडाभर कपडे हाताने धुतले. रविवारी वायरमन आणि मी मिळून मेनपासून मोरीच्या सॉकेटपर्यंत हिरवी तार ओढली, आरसीसीबी बसवला आणि त्याचे टेस्टचे बटण आजोबांनाच दाबायला लावले. त्याने वीज तोडल्याचा आवाज ऐकून आजोबांनी बटण आणखी दोनदा दाबून पाहिले. मग मी मीटर लावला. न्यूट्रल ते अर्थ 2 व्होल्ट आले आणि आजींनी मशीनमध्ये कपडे भरले.