दंडघेराची पट्टी

“मदतनीस म्हणजे खिचडी शिजवणारी बाई ना?” अंगणवाडीच्या दारात एक आजोबा सहज बोलून गेले.

आत मदतनीस ताई लेकराचा डावा हात सैल सोडायला लावत होत्या. कुपोषण ओळखायला दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, मोजायचा होता. खांदा ते कोपर, बरोबर मध्यावर खूण. पट्टी कातडीला टेकलेली हवी, पण कचकून आवळायची नाही. आवळली की आकडा घसरतो. ढिली राहिली तर ११.५ सेंटिमीटरच्या आतलं, तीव्र कुपोषित लेकरू पट्टीवरच्या लाल रंगातून पिवळ्यात, म्हणजे कमी धोक्याच्या रंगात जातं, आणि नजरेतून सुटतं! रडून हात ताठ धरला तरी माप गेलंच. म्हणून आधी उजव्या मुठीत चुरमुरे.

खिचडी तोवर गॅसवर होतीच. ती खाली लागू नये म्हणून मधेच कोण उठलं असेल?