गॅसिफायरसाठी व्हेंच्युरी पंप: मिश्रणनळी ८ मिमीवरून १६ मिमीवर

हा पंप (एजेक्टर) दाबलेल्या हवेच्या झोताने गॅसिफायरमधून, म्हणजे लाकूड किंवा कोळशापासून जळाऊ गॅस बनवणाऱ्या भट्टीतून, गॅस ओढतो; झोत आणि गॅस मिश्रणनळीत एकत्र होतात. नोझल तेच आहे: पितळी, १.२ मिमी भोक, ४ बार गेज दाब (वातावरणाच्या दाबापेक्षा तेवढा जास्त). या दाबाला नोझलच्या घशात, म्हणजे सर्वांत अरुंद भागात, हवा ध्वनिवेगाने जाते आणि मिनिटाला साधारण ६५ लिटर मुक्त (वातावरणाच्या दाबाला मोजलेली) हवा खर्च होते. छोट्या कॉम्प्रेसरला तेवढे झेपते. भोक १.३ केले तर खर्च थेट १७ टक्क्यांनी वाढतो, म्हणून ड्रिल नवे आणि धारदारच हवे.

या टप्प्यात बदलली ती फक्त मिश्रणनळी. ८ मिमी नळीत गॅसची बाजू बंद केली की कागदावर सुमारे ११७० मिमी उंच पाण्याच्या स्तंभाइतकी ओढ मिळते, १६ मिमीत जेमतेम ३००. आकडा बघून ८ मिमीचा मोह होतो, पण तो फसवा आहे. लहान गॅसिफायरला शंभरेक मिमी ओढ पुरते, खरी गरज प्रवाहाची असते. व्यास दुप्पट केला की ओढ चौथाई होते आणि मोकळा प्रवाह दुप्पट. घर्षणामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमीच येतात, प्रमाण मात्र टिकते.

नळीची लांबी व्यासाच्या ८ पट, म्हणजे १३० मिमी. पुढे ७ अंश एकूण कोनाचा डिफ्युझर, म्हणजे हळूहळू रुंद होत जाणारी नळी. नोझलचे टोक नळीच्या तोंडापासून १६ मिमी मागे ठेवून सुरुवात करा, मग यू-नळीकडे (ओढ मोजणाऱ्या पाण्याच्या नळीकडे) बघत पुढे-मागे सरकवा. त्यासाठी नोझलला आटे आणि चेकनट हवाच. झोत तिरका असेल तर तो भिंतीला घासतो आणि कितीही सरकवले तरी ओढ वाढत नाही. आधी मध्य तपासा, मग अंतर.

बाहेरच्या बाजूला एल्बो किंवा लांब होज नको. तिथला प्रत्येक मिलिमीटर पाण्याइतका अडथळा आतल्या ओढीतून वजा होतो.

गळती चालू पंपावर साबणाच्या पाण्याने सापडत नाही, कारण फुगा बाहेर येण्याऐवजी पाणीच आत ओढले जाते. लाइन बंद करून २०–३० मिलिबार दाब भरा आणि मग साबण लावा.

गॅसमधले डांबर (टार) कुठे साचते? नोझलच्या ओठावर. घशात हवा सुमारे ५० अंशांनी थंड होते आणि गॅसमधली वाफ तिथेच धरते. फिल्टर एजेक्टरच्या आधी हवा, आणि कॉम्प्रेसरच्या लाइनला पाणी-सापळा.

सर्वांत धोक्याचा भाग मिश्रणाचा. गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, चालक वायू हवा: म्हणजे एजेक्टरच्या पुढे पेटणारे मिश्रण असू शकते. फिल्टर तुंबला की गॅस घटतो, हवा तेवढीच राहते आणि मिश्रण स्फोटक पट्ट्यात सरकते. म्हणून ओढ अचानक वाढलेली दिसली की आधी हवा बंद करायची. बाहेर ज्वाला-रोधक बसेपर्यंत चाचण्या उघड्यावर आणि फक्त साध्या हवेवर.

पुढे १४ मिमी नळी लावून बघायची आहे. ओढ ४०० मिमीच्या जवळ, प्रवाहात आठवा हिस्सा घट, असा हिशेब निघतो.