घरच्या सर्व्हरसाठी व्यवस्थापन नियंत्रक : वेब सर्व्हरचा टप्पा

घरातील सर्व्हर बंद पडला किंवा गोठला तरी त्याची सूत्रे हाती राहावीत, हा या प्रकल्पाचा उद्देश आहे. व्यावसायिक सर्व्हरमध्ये हे काम बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) ही स्वतंत्र चिप करते. १९९८ मध्ये आलेला आयपीएमआय आणि २०१५ मधील रेडफिश ही तिच्याशी संवाद साधण्याची प्रमाणित माध्यमे आहेत. साध्या डेस्कटॉप मदरबोर्डवर ही सोय नसते, म्हणून ईएसपी-३२ ही वाय-फाय असलेली छोटी नियंत्रक चिप आणि तिच्यासाठी प्रोग्राम लिहिण्याचा संच ईएसपी-आयडीएफ यांच्या आधारे बीएमसीची छोटी आवृत्ती मी बांधत आहे.

जोडणीचा भाग आता स्थिर झाला आहे. ईएसपी-३२ च्या बोर्डाला वीज संगणकाच्या एटीएक्स पुरवठ्याच्या जांभळ्या तारेतून, म्हणजे संगणक बंद असतानाही चालू राहणाऱ्या ५ व्होल्ट स्टँडबायमधून मिळते. पॉवर बटणाच्या दोन पिनांना समांतर असा पीसी-८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या साहाय्याने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवला आहे. वीज त्याच पुरवठ्यातून घेतल्यामुळे विद्युत विलगीकरण इथे नाममात्र उरते; तरीही बटणाच्या जागी चालणारा स्विच म्हणून तो मला रिलेपेक्षा सरस वाटतो. ईएसपी-३२ सुरू होताना तिच्या पिना काही क्षण अनिश्चित अवस्थेत असतात, म्हणून ऑप्टोकपलरच्या पिनेवर १० किलोओहमचा पुलडाउन रोधक (पिन शून्य पातळीवर धरून ठेवणारा) आवश्यक मानावा. या कामासाठी १२ क्रमांकाची पिन मुद्दाम टाळली आहे, कारण सुरू होतानाची तिची पातळी फ्लॅश मेमरीचे व्होल्टेज ठरवते.

खरे काम ईएसपी-३२ वर चालणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये होते. ईएसपी-आयडीएफमधील एचटीटीपी सर्व्हर सर्व विनंत्या एकाच टास्कमध्ये (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कार्यात) हाताळतो. सक्तीने बंद करण्यासाठी पॉवर बटण साधारण ४ सेकंद दाबून धरावे लागते, आणि ती प्रतीक्षा हँडलरमध्येच (विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्येच) केली तर तेवढा वेळ तापमान दाखवणारे वेब पानसुद्धा उत्तर देत नाही. म्हणून हँडलर आज्ञा फ्रीआरटीओएस या चिपवरील छोट्या कार्यप्रणालीच्या रांगेत टाकून २०२, म्हणजे ‘विनंती स्वीकारली’, हा प्रतिसाद लगेच परत करतो. पिन हलवण्याचा अधिकार फक्त दुसऱ्या टास्ककडे आहे. ब्राउझरची जोडणी मध्येच तुटली तरी बटण दाबलेल्या अवस्थेत अडकत नाही, हा या रचनेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा लाभ आहे.

सॉकेटचे, म्हणजे एका वेळच्या नेटवर्क जोडण्यांचे, गणितही आधी मांडावे लागते. या वेब सर्व्हरची मूळ मर्यादा एका वेळी ७ जोडण्यांची आहे आणि ब्राउझर एकाच यजमानाकडे साधारण ६ जोडण्या उघडू शकतो, म्हणजे फोन आणि लॅपटॉप एकदम जोडले की जागा संपते. मी एचटीएमएल, शैली आणि स्क्रिप्ट एकाच फाइलमध्ये एकत्र करून ती जीझिपने आवळून फर्मवेअरमध्येच ठेवली आहे, आणि सर्वांत जुनी निष्क्रिय जोडणी बंद करण्याचा पर्याय सुरू केला आहे.

पॉवरची आज्ञा फक्त पोस्ट या माहिती पाठवण्याच्या एचटीटीपी पद्धतीनेच स्वीकारली जाते. गेट या केवळ पान मागवणाऱ्या विनंतीने यंत्राची स्थिती बदलता कामा नये, कारण पान पुन्हा उघडणे किंवा ब्राउझरने दुवा आगाऊ वाचणे एवढ्यानेही सर्व्हर बंद होऊ शकतो. त्याशिवाय प्रत्येक आज्ञेसोबत एक स्वतंत्र हेडर (विनंतीसोबत जाणारी जादा ओळ) अनिवार्य केला आहे. परकीय संकेतस्थळावरील साधा फॉर्म तो जोडू शकत नाही, त्यामुळे आपल्या ब्राउझरच्या आडून कोणी संगणक बंद करण्याचा मार्ग बंद होतो. घराबाहेरून प्रवेश केवळ वायरगार्ड या व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून) आहे. पासवर्ड साध्या एचटीटीपीवरून इंटरनेटवर जाऊ देणे मला मान्य नाही.

पुढचा टप्पा दूरस्थ अद्यतनाचा आहे. त्यासाठी फ्लॅशमध्ये फर्मवेअरचे दोन विभाग आखले आहेत आणि रोलबॅक, म्हणजे जुन्या फर्मवेअरकडे परतण्याची सोय, सुरू केला आहे. नेटवर्क जोडले जाऊन पहिली अधिकृत विनंती पूर्ण होईपर्यंत नवे फर्मवेअर वैध म्हणून नोंदवायचे नाही, असा निकष मी ठरवला आहे. त्याआधी बोर्ड रीसेट झाला, तर बूटलोडर (चिप सुरू होताना प्रथम चालणारा प्रोग्राम) आपोआप जुन्या विभागाकडे परत जाईल.